असेसर दोन-दोन झाले तेव्हा

त्या खटल्याला लय वर्षं झाली, पण कोर्टाबाहेरचा तो गलका अजून माझ्या कानातून गेलेला नाही. मी तेव्हा परभणीला पोलीस जमादार होतो. शिक्षण म्हणाल तर निजामाच्या राजवटीतली उर्दू चौथी. मराठी लिहायला नोकरीतच शिकलो, तेही पंचनामे लिहून लिहून. म्हणून माझं लिहिणं पंचनाम्यासारखं असतं. कुणाला नाही आवडलं तर नाही. नावं मात्र कुणाचीच लिहिणार नाही. त्यातल्या काहींची लेकरंबाळं आजही याच जिल्ह्यात नांदतात.

पोलीस ॲक्शन होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या भागात एक पैलवान होता. नुसता पैलवान म्हटलं की लोकांना तोच कळायचा. तो बाजारात आला तर बाया लेकरं वर उचलून दाखवायच्या. चारठाण्याजवळच्या एका गावच्या जत्रेत त्याची कुस्ती लागली. बंदोबस्ताला मी होतो. कुस्ती अटीतटीची झाली आणि आखाड्याच्या पंचानं निकाल दिला की पैलवान चीत. पैलवान उठला, डोक्याला बांधायला आणलेला फेटा त्यानं मातीत फेकला आणि हजार माणसांपुढं पंचाला म्हणाला, "माझी पाठ लागली न्हाई. तुला बघून घेतो." आणि तरातरा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पंच गावाबाहेरच्या जुन्या बारवेच्या पायऱ्यांवर मेलेला सापडला. वरून दगड घालून डोकं ठेचलं होतं. त्या भागात जुन्या देवळांचे घडीव दगड जागोजाग पडलेले असतात, त्यातलाच एक. बाजूला पैलवानाचा फेटा. दिवस मावळताना मयताला बारवेकडं जाताना पाहिलेली माणसं होती. त्यानंतर त्याला जिवंत कुणी पाहिलं नव्हतं.

पंचनामा मी केला. त्यात मी माझ्या हातानं लिहिलं, "सदरचे काम एकट्या दांडग्या इसमाचे दिसते." तिसऱ्या दिवशी पैलवानाला पकडलं. बेड्या घालताना त्यानं दात खाल्ले, ते मला रागानं वाटलं. "त्या सांजंला मी देवगाव फाट्याच्या रस्त्याला धनगराच्या वाड्यावर होतो," एवढंच तो म्हणे. कोणता धनगर? नाव ठाऊक नाही. कशाला गेला होतास? गप्प. मी आसपासच्या पाटलांना चिठ्ठ्या पाठवल्या, उत्तर आलं की असा कुणी धनगर गावात नाही. आता धनगर सुगीनंतर गावात असतो का? तो मेंढरांचा वाडा घेऊन रानोरान असतो. हे मला ठाऊक होतं. तरी मी चिठ्ठीवर भागवलं, कारण माझं मत ठरलं होतं.

खटला परभणीच्या सेशन कोर्टात उभा राहिला. त्या काळी खुनाच्या खटल्यात जज्जसाहेबांसोबत गावातली चार भली माणसं बसवत. त्यांना असेसर म्हणत. सगळं ऐकून झालं की त्यांनी आपलं मत सांगायचं. मत जज्जावर बंधनकारक नसे, पण लोकांना ते कुठं ठाऊक? लोकांना वाटायचं, चौघं म्हणतील तोच निकाल.

चौघं उभे राहिले. दोघं म्हणाले गुन्हेगार, दोघं म्हणाले बेगुन्हा. जज्जसाहेबांनी कागदावरून नजर काढली नाही. आठ दिवसांनी निकाल देतो म्हणाले आणि उठून आत गेले.

त्या आठ दिवसांत गाव जसं फाटलं तसं मी रझाकारांच्या वेळीही पाहिलं नव्हतं. स्टेशनजवळचं चहाचं हॉटेल फाशीवाल्यांचं झालं, बाजारातलं सुटकावाल्यांचं. एक न्हावी सुटकावाला होता. त्यानं फाशीवाल्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून हात थांबवला. म्हणाला, "उरलेली तुमच्या दोन असेसरांकडून करून घ्या." ते भांडण आमच्या ठाण्यात आलं. अर्ध्या दाढीचा माणूस फिर्याद लिहून घ्या म्हणून हटून बसला होता. अफवा तर विचारू नका. जज्जसाहेब चिठ्ठ्या टाकणार, औरंगाबादहून पाचवा असेसर मोटारीनं निघाला, असलं काहीबाही. असेसरांपैकी एक कापडवाला होता. त्यानं बेगुन्हा म्हटलं म्हणून त्याच्या दुकानावर शेण फेकलं. मी पंचनाम्याला गेलो तर तो म्हणाला, "जमादारसाहेब, मला खात्री न्हवती. खात्री नसताना फाशी दे म्हणू का?" मी म्हणालो, "शेठ, मी स्वतः पंचनामा केलाय." तो म्हणाला, "तो ऐकला म्हणूनच तर बेगुन्हा म्हणालो." असा राग आला होता मला!

फाशीवाल्यांत सगळ्यात पुढं मयताचे दोघं चुलतभाऊ. रोज कोर्टापुढं येऊन "फाशी द्या, फाशी द्या" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायचे. मयताची बायकोही यायची, पण ती झाडाखाली बसून राहायची. एकदा मला तिनं विचारलं, "दादा, खरंच यानंच मारलं का ओ?" मी म्हणालो, "तुला शंका हाय?" ती म्हणाली, "मला काय कळतंय. पर चुकीचा माणूस मेला तर माझा माणूस वापस येणार हाय व्हय?" दुःखात असलेल्या माणसाला खरं काय ते हवं असतं. घाई करणारा वेगळा असतो. हे मला त्या दिवशी कळायला पाहिजे होतं.

पाचव्या दिवशी बाजार होता. कोर्टाच्या भिंतीकडेला एक म्हातारी धनगरीण घोंगड्या विकायला बसली होती. घोषणांच्या गर्दीत तिच्याकडं गिऱ्हाईक फिरकेना. ती माझ्यावरच खवळली.

"ए पोलिसा! काय चाललंय हे सकाळधरनं? माज्या घोंगड्या तुडवायलेत."

मी सांगितलं, पैलवानाचा खटला हाय.

"कोन पैलवान? तो खांदा निखळलेला?"

मी म्हणालो, "कुणाचा खांदा?"

"आमच्या वाड्यावर आला न्हवं का, चारठाण्याकडच्या जत्रंच्या दिशी. दिवस बुडायला टेकला व्हता. उजवा हात असा लोंबत व्हता, बकऱ्याच्या मोडक्या तंगडीवानी. आमच्या म्हाताऱ्यानं बसिवला."

मी म्हणालो, "मावशी, मग इतके दिवस बोलली का न्हाईस?"

"कुनाला बोलू? मेंढरांला? आमी तिकडं गोदाकाठाला व्हतो, आत्ता कुठं माघारी आलो. आन् त्यानं म्हाताऱ्याला खंडोबाची आण घातली व्हती, कुनाला सांगू नगा म्हून."

"मग तू कशी सांगायलीस?"

"आण म्हाताऱ्यानं घेतली. म्या कुठं घेतली?"

मी तिथंच उभा राहिलो. माझ्या डोळ्यांपुढं बेड्या घालतानाचं त्याचं तोंड आलं. कोर्टात तो रोज डाव्या हातानं उजवं मनगट धरून उभा राहायचा. सगळे म्हणायचे, बघा किती मग्रूर आहे.

मी तडक जेलात गेलो. पैलवानाला म्हणालो, "पैलवान, उजवा हात वर कर."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "कशाला?"

"कर म्हणतो ना."

"करत न्हाई."

"धनगराची म्हातारी भेटली मला."

तो खाली बसला. मग म्हणाला, "जमादार, तुमाला हात जोडतो, हे कोर्टात आणू नगा." जोडतो म्हणाला, पण हात जोडले नाहीत. तेही त्याला नीट जमत नव्हतं. "हाड बसलं, पर शिर गेली. खांद्याच्या वर हात जात न्हाई. हे भाईर कळलं की मी संपलो. अंगातली दुखी मैदानात कळू द्यायची न्हाई, वस्तादानं पैल्या दिशी शिकिवलंय."

"अरे, फाशी होईल!"

"झाली तर पैलवान म्हून जाईन. सुटलो तर काय म्हून जगू?"

मीही हट्टी माणूस. जन्मात कुणापुढं वाकलो नाही. त्यामुळं त्याचं बोलणं मला मूर्खपणाचं वाटलं, पण परकं वाटलं नाही. मी म्हणालो, "तू नको सांगू. मी सांगतो."

ठाण्यात येऊन माझा पंचनामा पुन्हा वाचला. माझीच एक ओळ पुढं आली: "दगड दोन शिपायांनी मिळून उचलून बाजूस ठेवला." दोन शिपायांनी! आणि त्याच्याच खाली मी एकटा इसम लिहून मोकळा झालो होतो. दोन धडधाकट हातांचं काम नव्हतं ते, चार हातांचं होतं. मग एका निखळलेल्या खांद्यानं तो दगड उचललाच कसा?

ठाण्याचे प्रमुख असलेल्या अमीनसाहेबांना सांगितलं. ते हैदराबादकडचे. म्हणाले, "जमादार, दिमाग ठिकाने पे है क्या? अपनाच केस अपने हात से तोडते?" मी म्हणालो, "साहेब, केस माझीच आहे, म्हणून मीच मोडतो." त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि पंखेवाल्याला उगाच झापलं. मग म्हणाले, "तीन रोज है तुम्हारे पास."

सर्व्हिस मोटारीनं देवगाव फाट्याला उतरलो आणि म्हातारीसोबत वाड्यावर गेलो. म्हाताऱ्या धनगरानं आधी तोंड उघडलं नाही. म्हातारी म्हणाली, "म्या सांगून बसले. आता तुमी गप राहून काय देव तुमाला बक्षीस देणार हाय?" तेव्हा तो बोलला. नाव का विचारलं नाहीस, म्हटल्यावर म्हणाला, "हाड बसिवताना नाव इचारायचं नस्तं, सायेब. नाव, जात, गाव काय बी न्हाई. कोन्ता हात तेवढं इचारायचं." मेंढरं त्या दिवशी ज्याच्या रानात बसली होती त्या शेतकऱ्यालाही गाठलं. त्यानं लोंबत्या हाताचा पैलवान स्वतः पाहिला होता. दिवस त्याला पक्का आठवत होता, कारण मेंढरांमुळं त्याची जत्रा हुकली होती आणि बायको अजून बोलून दाखवत होती. बारव तिथून काही कोसांवर. तीच सांज.

आता दगड कुणी टाकला? मयताच्या बायकोकडं गेलो. विचारलं, तो गेल्यावर घरात काय बदललं? ती म्हणाली, "घरात काय न्हाई. रानात बांध सरकला. दीरांनी सरकवला."

मयताचं सामान परत देतो म्हणून दोघा चुलतभावांना ठाण्यात बोलावलं. तो दगड आमच्याच मालखान्यात, जप्त मालाच्या खोलीत होता. मी थोरल्याला म्हणालो, "सामान त्या दगडामागं हाय, जरा सरकव." त्यानं जोर लावला, दगड हलेना. धाकटा न सांगता पुढं आला. थोरल्यानं नुसती मान हलवली, धाकट्यानं खालून हात घातला, आणि दोघांनी एका हिसक्यात दगड उचलला. एक शब्द बोलावा लागला नाही. अनोळखी दगडाला माणूस आधी चाचपतो, कडा शोधतो. यांनी शोधली नाही.

दगड खाली ठेवल्यावर धाकट्यानं माझ्याकडं पाहिलं आणि घाईघाईनं हात धोतराला पुसायला लागला.

दोघांना वेगळं बसवलं. मारहाण केली नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण लोकांना खरं वाटत नाही. धाकट्याला पाणी दिलं आणि म्हणालो, "फेटा मैदानातून कुणी उचलला?" त्यानं तांब्या खाली ठेवला. मी म्हणालो, "इतके दिवस तू एका बेगुन्हा माणसाला फाशी द्या म्हणून ओरडतोयस. घसा बसलाय तुझा. झोप लागते का?" तो ओक्साबोक्शी रडला. "फेटा म्याच उचलला. दादा म्हनला, टाक तिथंच." सकाळी मॅजिस्ट्रेटसमोर त्यानं कबुली दिली. थोरला अखेरपर्यंत नाहीच म्हणाला, पण बांध, फेटा आणि भावाची कबुली त्याला पुरेशी झाली. त्यांचा खटला पुढं वेगळा चालला.

आठव्या दिवशी कोर्टाबाहेर मुंगी शिरायला जागा नव्हती. जज्जसाहेबांनी धनगराची साक्ष घेतली, डॉक्टरची घेतली. मला उभं केलं. मी म्हणालो, "हुजूर, पंचनाम्यातली एकट्या इसमाची ओळ माझी आहे आणि ती चूक आहे." नोकरीत इतकं जड वाक्य मी दुसरं बोललो नाही. मागं कुणीतरी हसलं. हसू दे.

मग जज्जसाहेब पैलवानाला म्हणाले, "उजवा हात वर करा."

त्यानं लोकांकडं पाहिलं. दोन्ही पक्ष तिथं होते. मग हात उचलला. छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. ज्या हातानं त्यानं भल्याभल्यांना डोक्यावरून फेकलं होतं, तो हात. त्याच्या तोंडावर घाम आला होता. मला वाटलं, आता हसतील. कुणी हसलं नाही. स्टेशनच्या हॉटेलातला सगळ्यात मोठ्यानं फाशी मागणारा माणूस माझ्याशेजारी होता. तो डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन उभा राहिला.

पैलवान सुटला. बाहेर त्याला खांद्यावर घ्यायला लोक धावले, तर तो ओरडला, "खांद्याला हात लावू नगा रे!" तेव्हा मात्र सगळे हसले, तोसुद्धा. मयताची बायको झाडाखालून उठून आली. त्याला काही म्हणाली, मला ऐकू आलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि डावा हात कपाळाला लावला.

कुस्ती त्यानं पुन्हा केली नाही. पुढच्या साली त्याच गावच्या जत्रेला लोकांनी त्याला आखाड्याचा पंच म्हणून बोलावलं. बंदोबस्ताला मीही होतो. एक कुस्ती अशी झाली की निम्मे म्हणत चीत, निम्मे म्हणत नाही. आरडाओरडा सुरू झाला. पैलवान मध्ये उभा राहून म्हणाला, "मला नीट दिसलं न्हाई. फिरून धरा." पंच असं म्हणतो, हे लोकांनी पहिल्यांदा ऐकलं. कुरकुरले, पण बसले. पोरं पुन्हा भिडली.

मी पुढं फौजदार होऊन निवृत्त झालो. मेडल नाही मिळालं, मागितलंही नाही. दोन-दोन असेसर झाले तेव्हा आम्हाला वाटलं होतं, न्याय मोडून पडला. खरं तर तेव्हाच तो जरा थांबून बघायला लागला होता. त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी एकच सांगत आलो: पंचनाम्यात जे दिसलं ते लिही, जे वाटलं ते लिहू नको. आणि तुला नाही दिसलं, तर नाही दिसलं असं लिही. त्यात कमीपणा नाही.

त्या कापडवाल्याच्या दुकानात मी जाऊन आलो, निकालाच्या दुसऱ्याच दिवशी. माफी मागायला गेलो होतो, पण ती तोंडातून निघेना. मग एक सदऱ्याचं कापड घेतलं. किती लागेल म्हणून माझं माप घेताना तो म्हणाला, "जमादारसाहेब, हात वर करा." मी दोन्ही केले.