आईच्या ताटात काय वाढायचं

मेलेल्या माणसांनी काय खाल्लं असेल, हा ऐंशीच्या दशकात माझा अभ्यासाचा विषय होता. नागपुरात मी उत्खननात निघालेल्या दातांवरचं कीटण सुईनं खरवडायचो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात अडकलेले धान्याचे कण शोधायचो. हाडांची तपासणी परदेशात होई. भात आणि ज्वारी हवेतला कार्बन वेगवेगळ्या रीतीनं घेतात, आणि त्याची खूण खाणाऱ्याच्या दातांत आणि हाडांत उरते. दात लहानपणी घडतात तसेच राहतात. हाडं मात्र पुढच्या जेवणाप्रमाणे बदलत जातात. बाईचे दात ज्वारीचे आणि हाडं भाताची निघाली, तर ती ज्वारीच्या मुलखातून लग्न होऊन आली असावी, असं मी एका टिपणात ऐटीत लिहिलं होतं.

आई गेली तेव्हा ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावी आलो. तेरवीच्या सकाळी आत्यानं विचारलं, "तुया मायले काय आवडे? ताटात तेच पडाले पाह्यजे."

आई सगळ्यांच्या मागून, उरेल ते जेवायची.

"झिंग्याची भाजी," बाबा म्हणाले.

"तेरवीले झिंगे? अन् ते तुले आवडते, भाऊ." आत्या माझ्याकडे वळली. "तू तं हाडं पाहून सांगतं म्हणे!"

हाडं आम्ही आधीच वैनगंगेत सोडून आलो होतो.

शेवटी शेजारची काकू बोलली. ती आणि आई भाताच्या रोवणीला सोबत जात. "ज्वारीची भाकर. माह्या चुलीपाशी बसून खाये."

"आमच्या घरी काऊन नाई?" मी विचारलं.

"तुयी आजी टोमणे मारे ना. भाकर खाणाऱ्याईची पोरगी आणली म्हणे."

आई वरोऱ्याकडची, ज्वारीच्या मुलखातली, हे मला ठाऊक होतं. टिपण लिहिताना ते मनातही आलं नव्हतं.

काकूनं पीठ आणून दिलं, पण थापायला नकार दिला. "घरच्यानंच करा लागते." आत्याचा जन्म भात रांधण्यात गेलेला. मग मीच बसलो. दोन भाकरी तुटल्या. तिसरी कडेला फाटली, पण तव्यावरून अख्खी निघाली.

आत्यानं ती ताटाच्या कोपऱ्यात, वड्यांखाली सरकवली. मी भात बाजूला केला आणि भाकर मधोमध ठेवली.

"सोयरे काय म्हणतील?" आत्या पुटपुटली.

सोयरे अंगणात पंगतीला बसले होते. वडे कधी येतात, एवढंच ते पाहत होते.