हेझलबाई सॉरी शिकवतात

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्समध्ये हेझल ऑथवेटच्या पायावर कोणी पाय दिला, तरी सॉरी म्हणायची तीच. बसमध्ये कोणाची छत्री तिच्या बरगडीत घुसली, ही म्हणणार सॉरी. दारावर आपटली तर दारालासुद्धा. आता इथली रीतच आहे ती, तिचं एकटीचं काही नाही. पण बाकीचे सॉरी म्हणून मोकळे होतात. हेझल म्हणायची आणि अडकायची.

साठी उलटली, लग्न केलं नाही, पोस्टातली नोकरी संपली आणि आईचं सगळं हिच्याच गळ्यात आलं. धाकटा भाऊ कीथ लीड्सला ऐसपैस घरात राहायचा. रविवारी जेवायला यायचा, बीफच्या रोस्टवर ताव मारायचा आणि जाताना प्रशस्तिपत्र देऊन जायचा, "आईला तुझ्याशिवाय करमत नाही बघ!" भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगाच नाही.

अशात तिची जुनी मैत्रीण नोरीन हिने व्हिटबीला समुद्रकाठी लोकरीचं दुकान घेतलं. वर दोन खोल्या. "एक तुझी," ती म्हणाली, "पण रविवारी रात्रीपर्यंत सांग. नाहीतर भाची येईल." हेझलला जायचं होतं. इतकं हवंसं तिला आयुष्यात काही वाटलं नव्हतं.

बुधवारी शेजारणीला आईजवळ बसवून ती चर्चच्या हॉलमध्ये परदेशातून आलेल्या लोकांना इंग्रजी शिकवायची. त्या बुधवारी सॉरीची पाळी होती.

"कोणी तुमच्या पायावर पाय दिला, तर काय म्हणाल?"

"आंधळा आहेस का, म्हणेन," एरिट्रियाची त्सेहाय म्हणाली. सगळे हसले.

"नाही गं. सॉरी म्हणायचं."

"पाय माझा चेंगरला, बाई! त्याने म्हणू दे."

"तोही म्हणतो. पण आपण आधी म्हणायचं."

"मग तो पाय काढतो तरी का?"

हेझलने फळा पुसून टाकला. घरी बटाटे सोलताना तिने एकच वाक्य घोकलं: कीथ, पुढच्या महिन्यापासून आई तुझ्याकडे राहील. त्यात सॉरी कुठेही नव्हतं.

रविवारी कीथ आईशेजारी ताटावर बसला आणि हिने सुरुवात केली, "सॉरी, कीथ, पण..."

"अगं, सॉरी काय त्यात! बीफ जरासं वातड झालंय, चालायचंच."

हेझल मनातल्या मनात चडफडली. तिने ग्रेव्हीचं भांडं खाली ठेवलं आणि घोकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणून टाकलं.

कीथचा घास तोंडातच राहिला. "आमच्याकडे? अगं, जिना केवढा आहे!"

"खाली खोली आहे की."

"तिथे माझी व्यायामाची सायकल असते."

"सायकल वर नेता येईल. आईला नाही नेता येणार."

कीथने काटा खाली ठेवला. हेझलला बरं वाटत होतं. आणखी मिनिटभर कोणी काही बोललं नसतं, तर ती सुटली असती.

"सॉरी गं, हेझल," आई खुर्चीतून हळूच म्हणाली. "मी फारच जड झाले ना तुला?"

म्हातारीच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. इथे सगळे म्हणतात तशी तीही म्हणाली, योग्य वेळी, योग्य सुरात.

"छे गं आई! सॉरी, माझंच चुकलं. तसं नव्हतं म्हणायचं मला."

"चला, मिटलं," म्हणत कीथने पुडिंग पुढे ओढलं.

रात्री तिने व्हिटबीला फोन केला. "सॉरी, नोरीन."

"मला कशाला सॉरी म्हणतेस?" नोरीन म्हणाली. "समुद्राकडची खोली ठेवली होती गं तुझ्यासाठी."

"सॉरी," हेझल पुन्हा म्हणाली. दुसरं काही तिला येतच नव्हतं.

पुढच्या बुधवारी त्सेहाय उत्साहाने उभी राहिली. "बाई, बसमध्ये एकाने माझ्या पायावर पाय दिला. मी काही म्हणालेच नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिले. त्याने पाय काढला."

धड्याच्या हिशेबाने उदाहरण साफ चुकलं होतं. वर्ग बाईंकडे बघत होता. हेझलने खडू खाली ठेवला आणि ती वर्गातल्या एका रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.