बोरवाडी आलं

भूतबित, आत्मा वगैरेवर माझा काडीचा विश्वास नव्हता. नेटवर्क इंजिनिअर आहे मी. दिवा लागला नाही तर आधी वायर बघायची, हा स्वभाव. तरी हे लिहितेय...

लातूरच्या एका कोचिंग क्लासचं नेटवर्क मी आणि सलीमभाई सांभाळायचो. उदगीर, औसा, नांदेड, पार हदगावपर्यंत सेंटरं. प्रत्येकाचा राऊटर आमच्या मेन राऊटरला जोडलेला. कुठं केबल तुटली तर दुसरी वाट असायची, पण ती सगळ्या राऊटरांना कळेपर्यंत ऑनलाइन टेस्ट अडकायची. पोरं रडकुंडीला यायची.

"मॅडम, नियम सगळ्यांना एकच हाय," सलीमभाई म्हणाले. "मग मेननं दरेकाला नव्या वाटेचा अलग निरोप कशाला बनवायचा? सगळ्यांचा ग्रुप करू. निरोप एकदाच बनंल, नकला सगळ्यांना."

तसं केलं. भर दुपारी मुद्दाम एक लाइन काढून पाहिली. सगळी सेंटरं स्पीकरफोनवर होती; नेट परत आलं की सांगायचं, असं ठरलेलं. पाण्याचा ग्लास उचलते तोवर आवाज सुरू — "उदगीर आलं!" "औसा आलं!" "हदगाव बी आलं, मॅडम!" आम्ही खुशीत हसत होतो... आणि मग —

"बोरवाडी आलं."

बोरवाडी माझं गाव. भूकंपात गेलं. त्या पहाटे मी उदगीरला मावशीकडं होते आणि आई माझ्यासोबत, म्हणून आम्ही राहिलो. माझा थोरला भाऊ, दादा, घरी होता. तो राहिला नाही.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"छकुले, जेवलीस का?"

छकुली मला फक्त दादा म्हणायचा. लाइन कट झाली.

"मॅडम, बोरवाडीत आपलं सेंटर कुठं हाय?" सलीमभाई म्हणाले. म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं! सेंटरांना विचारलं, तर हदगावनंतर कुणालाच काही ऐकू आलेलं नव्हतं.

मी तडक औशाची एसटी धरली. तिथून रिक्षानं जुन्या गावाच्या जागी गेले. बाभळी, दगडांचे ढीग, वारा. आमचं दार असावं तिथं उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "जेवले रे, दादा." जेवले नव्हते खरं तर.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "आवाज कसा होता गं? दमल्यावानी वाटला का?"

"न्हाई आई. मजेत होता."

लाइन, फोन, राऊटर सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. कारण आजही सापडलेलं नाही. आई तर कारण विचारतच नाही. एवढंच म्हणते — पुन्हा फोन लागला, तर मला दे.