विनोद पोचेपर्यंत

सुमनआत्या गेली... विनोदनं सिंदीहून फोनवर एवढंच सांगितलं. विनोद तिचा एकुलता एक मुलगा, माझा आतेभाऊ. निकोबारात मास्तर, पण नेमका सुट्टीवर आलेला, म्हणून शेवटची भेट तरी झाली. नालवाडीहून सिंदीला जाताना मला मात्र माझ्या लग्नाआधीचा, नव्वदच्या दशकातला एक दिवस आठवत होता.

आत्याचा नेम होता. घरचं माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही. एरवी कणभर धूळ न खपणारी बाई, पण यात तडजोड नाही! विनोदला नोकरी लागली तेव्हा पंचाईत झाली. पोर्ट ब्लेअरहून कार निकोबारला विमान, मध्ये नुसतं पाणी. किती लांब, तिनं विचारलं. इथून शेगाव जेवढं, त्याहून थोडं जास्त, तो म्हणाला. म्हणजे अर्धा दिवस, हिनं पॅसेंजर गाडीचा हिशेब लावला. तासभर लागतो, असं त्यानं परोपरीनं सांगूनही तिला ते पटेना.

त्या दिवशी मला बघायला पाहुणे यायचे होते, तेही आत्याकडेच. सकाळी विनोदनं पोर्ट ब्लेअरहून निघतो म्हणून फोन केला. तास उलटून गेला. पोचल्याचा फोन नाही आणि पाहुणे तर येणार. विमानच ते, पोचलं असेल, असं स्वतःलाच समजावत आत्यानं एकदाचं झाडून घेतलं. तेवढ्यात फोन वाजला. त्याच्या शाळेतून विचारत होते, विनोद निघाला ना? विमान तर इकडे आलंच नाही.

आत्या रडली नाही. मागच्या उकिरड्यावर गेली, फेकलेला केर सुपलीत भरून आणला आणि घरभर पुन्हा पसरू लागली. धूळ, कापसाचे पुंजके, माझ्या वेणीतले केस... मी हात धरला तर तिनं हिसडा दिला.

"तो पोचला नाई, अन् मी झाडून बसली. काऊन झाडलं व मी?"

मला तिचा राग आला, आणि भीतीही वाटली. नेमके तेव्हाच पाहुणे दारात! मुलाच्या आईंनी केराकडे पाहिलं, काय झालं ते ऐकून घेतलं आणि पदर सावरून त्या केरातच बसल्या.

"लेकराचा फोन येऊ द्या. चहाचं मंग पाहू."

फोन वाजला की सगळे दचकायचे, आणि निघायचा कापसाचा भाव विचारणारा कोणीतरी. दिवेलागणीला विनोदचा आवाज आला. खराब हवेमुळे विमान अर्ध्यातून परतलं होतं, आणि दिवसभर त्याला लाइन मिळत नव्हती. त्या बाई आता माझ्या सासूबाई आहेत.

सिंदीत आत्याला स्मशानात नेल्यावर शेजारच्या काकूंनी रीतीप्रमाणे झाडू घेतला. मी तो काढून घेतला. त्या चिडल्या, पण मी ऐकलं नाही. विनोद स्मशानातून आला. हातपाय धुऊन दारातच थांबला, गुलाल आणि फुलं घरभर तशीच होती.

"झाडलं नाई ना?"

"नाही रे."

तो त्या फुलांतच बसला, आणि सकाळपासून पहिल्यांदा रडला.