एकवीस दिवसांचं पथ्य

कुंभकोणमला सुंदररावांचं घर कुठे म्हणून विचारलंत तर लोक मान हलवतील. पण ‘कामालै रायर’ कुठे राहतात असं विचारा, ऑटोवाला भाडं न ठरवता दारात आणून सोडील. कामालै म्हणजे कावीळ आणि रायर म्हणजे आपले राव. तंजावर प्रांतातल्या यच्चयावत मराठी माणसांना तमिळ लोकांनी एकदाच काय ते रायर म्हणून टाकलं, आणि नंतर त्यात दुरुस्ती करण्याची गरज दोन्ही पक्षांना वाटली नाही. सुंदररावांनी छत्तीस वर्षं एका शाळेत हेडक्लार्कची नोकरी केली, हजारो दाखल्यांवर शिक्के मारले. पण नाव झालं ते दर रविवारी सकाळी ओट्यावर बसून फुकट दिलेल्या काविळीच्या औषधामुळे.

हे औषध घराण्यात सात पिढ्यांचं. ग्रहणाच्या वेळी घरातल्या थोरल्याला कावेरीत कमरेएवढ्या पाण्यात उभं करायचं आणि पाल्याचं नाव कानात सांगायचं. सुंदररावांच्या कानात ते त्यांच्या आजीने सांगितलं, तेव्हा ते अकरा वर्षांचे होते आणि थंडीने इतके कुडकुडत होते की म्हातारीला नाव तीनदा सांगावं लागलं. नियम तीन. पैसा घ्यायचा नाही. नाव कुणाला सांगायचं नाही. आणि तिसरा रोग्यासाठी: एकवीस दिवस अळणी भात-ताक खायचं आणि औषध चालू असल्याचं घरात कुणालाही, अगदी बायकोलाही, कळू द्यायचं नाही. कळलं की गुण गेला.

गुण मात्र यायचा. काविळीचे बरेचसे रोगी तीन आठवड्यांत आपले आपण बरे होतात, हे सुंदररावांना कुणी सांगितलं नव्हतं. बरा झालेला माणूस नारळ घेऊन येई, न झालेला परत येत नसे. हेडक्लार्कच्या हिशेबाने निकाल शंभर टक्के.

अलीकडे एकच अडचण झाली होती. पाला यायचा इन्नंबूरच्या भातखाचरांच्या बांधांवरून. पहाटे स्कूटर काढून सुंदरराव जात, धोतर वर खोचून वाकत आणि पिशवी भरून आणत. पण बांधांवर तणनाशक मारायला लागल्यापासून पाला मूठभर मिळेना. तेव्हा तिरुप्पनंदाळच्या बाजारात एक म्हातारा चूर्णं विकायला बसे, त्याच्याकडून ‘कामालैवर अक्सीर’ असं एक काळं चूर्ण त्यांनी आणलं आणि ताकात मिसळायला सुरुवात केली. चिमूट जिभेवर ठेवली तर कान बधिर झाले. सुंदररावांचा कडूवर फार विश्वास. एवढं कडू आहे म्हणजे अपाय कसा करील?

पोंगलनंतरच्या एका रविवारी सगळे रोगी गेल्यावर ओट्यावर त्यांचे मेव्हणे येऊन बसले. रघुपतिराव म्हणजे धाकटी बहीण वेंकटलक्ष्मी हिचे यजमान, वीजखात्यातून निवृत्त झालेले. अंगाने वाटोळे, स्वभावाने त्याहून वाटोळे. कुठेही कोपरा म्हणून नाही. गोविंदपुरमच्या भजनात पंधरा वर्षं झांजा वाजवत. आठ वर्षांपासून मधुमेह होता आणि त्यावरचं त्यांचं धोरण स्पष्ट होतं: “गोळी घेतों, म्हणून गोड खातों. नाहींतर गोळी कशाला?”

“अण्णा,” ते म्हणाले, “माझे डोळे पाहा.”

सुंदररावांनी पाहिले. हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे. “लघवी?”

“डिकॉक्शन. पहिल्या धारेचें.” कुंभकोणमचा माणूस मरणाच्या दारातसुद्धा उपमा कॉफीचीच देणार.

मग रघुपतिरावांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. डॉक्टरने पोटाचा फोटो काढला होता आणि यकृताच्या पुढच्या तपासण्या ताबडतोब करून घ्यायला सांगितलं होतं. “लिव्हर म्हणतात, अण्णा. भजनांतल्या मंडळींस कळलें तर काय म्हणतील? रघुपति चोरून पितो म्हणतील. मी आयुष्यांत कधीं—”

“तें मला सांगतां?” सुंदरराव म्हणाले. “दारू न पिणाऱ्याचें लिव्हर कशानें बिघडेल? कावीळ आहे साधी. ती चिठ्ठी खिशांत ठेवा. एकवीस दिवस माझें औषध घ्या, मग जा हवें तर. आणि लक्ष्मीस सांगूं नका, नियम माहीत आहे ना?”

“बायकोपासून लपवायचें?” रघुपतिराव हसले. “अण्णा, तुमच्या औषधापेक्षां पथ्यच जालीम.”

सुंदररावही हसले. पुढे ते हसणं त्यांना फार महाग पडलं.

अळणी ताकभात मधुमेहासाठी, असं रघुपतिरावांनी घरी सांगून टाकलं. पहिल्या आठवड्यात अंगाला खाज सुटली. सुंदरराव म्हणाले, पित्त बाहेर पडतंय. दुसऱ्या आठवड्यात पाय सुजले, चप्पल काढली की पट्ट्याची खाच तशीच राहू लागली, आणि पोट असं तटतटलं की धोतराची गाठ बसेना. सुंदरराव म्हणाले, भूक सुधारली. मग रघुपतिराव दिवसा झोपू लागले आणि रात्र रात्र टक्क जागे. सुंदरराव म्हणाले, औषध अंगी लागलं की झोप येतेच. सुंदररावांपाशी प्रत्येक लक्षणाला उत्तर होतं. शाळेत साहेबांच्या प्रत्येक शेऱ्याला त्यांच्यापाशी असंच उत्तर तयार असायचं.

एकोणिसाव्या दिवशी भजनात रघुपतिरावांची झांज चुकली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मंडळी वळून पाहू लागली. हात पुढे धरला की मनगट आपोआप खाली पडे, पुन्हा वर येई, पुन्हा पडे, जणू पाखरू पंख झटकतंय. सुंदररावांनी शेजारून ते पाहिलं. पहिल्यांदाच त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. तरी ते गप्प राहिले. दोनच दिवस तर उरले होते.

विसाव्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला. “अण्णा, लवकर या. यांनी सदरा उलटा घातला आहे, झांजा फ्रिजांत ठेवल्या, आणि मला विचारतात, आपण कोण?”

इस्पितळात तपासणारी डॉक्टर शरण्या तिशीतली, बारीकशी, बोलायला चटपटीत. तिने डोळे पाहिले, पोटावर बोटं वाजवून पाहिली, दंडावरचे काळेनिळे डाग पाहिले, हात पुढे करायला लावले आणि मनगट पडताना पाहून तिचा चेहरा बदलला. सुंदररावांना तो बदल कळला. दाखल्यावर खोटी जन्मतारीख दिसली की त्यांचाही चेहरा असाच होत असे.

“यकृत निकामी होत चाललंय,” ती तमिळमध्ये म्हणाली. “रक्तातली घाण साफ करायचं काम त्याचं. ते होत नाही म्हणून ती मेंदूत चढतेय; भ्रम त्यामुळे. दारू पितात का?”

वेंकटलक्ष्मी ताठ झाली. “आमचे यजमान एकादशीला कांद्याकडे पाहतसुद्धा नाहीत!”

“रागावू नका, अम्मा. दारूच लागते असं नाही. मधुमेह, साचलेली चरबी, जुनी विषाणूची कावीळ, काही औषधं, कशानेही बिघडतं. आणि बिघडताना ओरडत नाही. थोडंसं शिल्लक राहीपर्यंत मुकाट राबतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. यांचं कित्येक वर्षं आतून घट्ट होत आलं असणार. पण एवढं एकदम कोसळलं, त्याला काहीतरी धक्का लागलाय. काही गावठी औषध, काढा, चूर्ण?”

“काहीही नाही,” वेंकटलक्ष्मी अभिमानाने म्हणाली. “मला न सांगता हे डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाहीत.”

सुंदरराव कॉफीचा थर्मास धरून शेजारी उभे होते.

गप्प राहणं किती सोपं होतं! ज्याने सांगायचं तो स्वतःची बायको ओळखत नव्हता. चिठ्ठी तर सदऱ्याच्या खिशात दोन वेळा धुऊन निघाली होती. शिवाय शपथ होती. सात पिढ्या होत्या. कावेरीच्या पाण्यात उभी असलेली आजी होती. सुंदररावांनी बहिणीकडे पाहिलं. ती पदराने नवऱ्याच्या तोंडाची लाळ पुसत होती.

आणि मग त्यांच्या कारकुनी डोक्याला एक पळवाट दिसली. आजीने शपथ घातली ती मराठीत. तमिळमध्ये बोललं तर ती मोडते असं कुठे म्हटलंय? सात पिढ्यांत हे कुणाला सुचलं नव्हतं. सुंदररावांना ते अर्ध्या मिनिटात सुचलं, आणि ते अर्धं मिनिटही आपण का लावलं याची लाज त्यांना पुढे कायम वाटत राहिली.

“डॉक्टर,” ते तमिळमध्ये म्हणाले, “कीळानेल्ली. मी दिली. वीस दिवस.” म्हणजे आपला भुईआवळा.

“कीळानेल्ली?” शरण्याने मान वर केली नाही, ती लिहीत होती. “माझी आजी पण द्यायची. सगळ्यांच्याच आज्या देतात. आणखी काय?”

सात पिढ्यांचं गुपित असं एका ओळीत, कागदाच्या समासात मावलं. पण प्रश्न तिथेच उभा होता.

“एक चूर्ण.”

“कसलं?”

“काळं.”

“सर, रंग नको. नाव.”

“माहीत नाही.”

आता तिने मान वर केली. “तुम्हाला नाव माहीत नाही असं चूर्ण तुम्ही यांना वीस दिवस दिलंत?”

“फार कडू होतं,” सुंदरराव म्हणाले. आयुष्यभराच्या वैद्यकीचा एवढाच पुरावा त्यांच्या हाती उरला होता. “आणि तपासणीची चिठ्ठी होती. ती खिशात ठेवा, असंही मीच म्हटलं. आणि हात पडताना काल पाहिला होता, तेही—”

“पुडी घेऊन या. आत्ता.”

ते वळले तेव्हा वेंकटलक्ष्मी त्यांच्याकडे पाहत होती. ती रडली नाही, ओरडली नाही. मराठीत एवढंच म्हणाली, “काल पाहिलात?”

सुंदरराव पुडी आणायला गेले. स्कूटर दोनदा सुरू झाली नाही तेव्हा ते तिच्याशी मोठमोठ्याने बोलले; जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, रायर स्कूटरला शिव्या देताहेत.

पुडी तपासायला गेली, रघुपतिरावांना तंजावरच्या मोठ्या इस्पितळात हलवलं. पोटातलं पाणी काढलं. आतडी साफ राहावीत म्हणून एक गोड पाक दिवसातून चारदा पाजला. त्या घरात गोडाने गुण येण्याची ही पहिलीच वेळ. सुंदररावांनी शरण्याला फोन करून विचारलं, चूर्णानेच झालं का? ती खरं बोलणारी मुलगी होती. “सांगता येत नाही, सर. चूर्णाने असेल, आजार आतून आलेलाच असेल. पण तीन आठवडे गेले ना, ते परत येत नाहीत. आणि अशा माणसाला नुसत्या ताकभातावर ठेवून ताकद घालवलीत. तुमच्या पथ्यातलं बरोबर एकच होतं: मीठ बंद.”

‘सांगता येत नाही’ हे फार वाईट. ‘तुमच्यामुळे’ म्हणाली असती तर सुंदररावांनी डोकं टेकून ते पत्करलं असतं. ‘तुमच्यामुळे नाही’ म्हणाली असती तर नारळ फोडला असता. आता ते रोज बसने तंजावरला जात, बहिणीचा डबा पोचवत आणि कुणीतरी आपल्याला शिवी देईल म्हणून दिवसभर बाकावर बसून राहत. कुणी देत नव्हतं. बहीण डबा घेई, रिकामा डबा परत करी आणि म्हणे, “उद्यां ताक नको.”

सहाव्या दिवशी रघुपतिरावांच्या डोक्यातलं धुकं उतरलं. त्यांनी बायकोला ओळखलं, कुठे आहोत ते विचारलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, सध्याचं संकट टळलंय, पण हे यकृत किती दिवस साथ देईल ते पाहावं लागेल. न दिली तर दुसऱ्याचं बसवायची वेळ येईल. मग नेहमीचा प्रश्न विचारला: आजारात काही गावठी औषध घेतलं होतं?

रघुपतिरावांनी सुंदररावांकडे हळूच एक नजर टाकली. शाळकरी पोराने वर्गमित्राला वाचवताना टाकावी तशी.

“नाही,” ते म्हणाले. “काहीच नाही.”

डॉक्टरांच्या हातातल्या कागदावर सगळं लिहिलेलं होतंच. ते पुढच्या पलंगाकडे गेले. वेंकटलक्ष्मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

“रघुपतिराव,” सुंदरराव पुढे सरकले, “मी सांगितलें आहे सगळें. नांवसुद्धां.”

“अरेरे!” रघुपतिराव खरोखर हळहळले. “एकच दिवस राहिला होता, अण्णा. गुण गेला असेल की हो. तुमच्या औषधावर तर इतके दिवस तगलों.”

“तगलों म्हणूं नका.”

“कां? आपल्या माणसानें इतक्या काळजीनें दिलेलें—”

“काळजी नव्हती ती,” सुंदरराव म्हणाले. “मला ठाऊक आहे असें मला दाखवायचें होतें. तुम्ही मला शिव्या द्या हो. निदान एक द्या.”

रघुपतिरावांनी मनापासून आठवून पाहिलं. पण वीजखात्यात एवढी वर्षं काढूनही या माणसाला वेळेवर शिवी सुचत नसे. त्यांनी सुंदररावांचा हात थोपटला आणि डोळे मिटले. “चुकून झालें असेल, अण्णा. सोडा आतां.”

“सोडूं नका,” खिडकीकडे तोंड करूनच वेंकटलक्ष्मी म्हणाली. इतक्या दिवसांत ती डब्याखेरीज पहिल्यांदाच काही बोलत होती. “यांना सगळें सांगा, अण्णा. मला ऐकवायचें म्हणून नव्हे. त्यांच्याकडे पाहून सांगा.”

सुंदररावांनी स्टूल पलंगाजवळ ओढलं. “डोळे उघडा, रघुपतिराव. ऐका. त्या रविवारीं तुम्ही चिठ्ठी घेऊन आलांत, तेव्हां तुमचें बरोबर होतें…”