अर्ध्या नदीतली म्हातारी

ओल्या मातीवर दिव्याचा उजेड पडून पडून जो वास सुटतो, त्यो तुमी कदी घेतलाय का? शेताचा न्हवं, भट्टीचाबी न्हवं. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर भिजली पट्टी ठिवावी आन ती तिथंच वाळत यावी, तसा कायतरी. आमच्या तेर गावाला सोयाबीनच्या एका जुन्या गोदामात त्यो वास वरीसभर कोंडून ऱ्हायला हुता. आता म्या कुठंबी बसलो, अगदी ताटावर बसलो तरी नाकात येतो. नाक माझं मोठंच हाय. त्याच्यापायीच तर मला पिच्चरमदी काम मिळालं.

मातीच्या बाहुल्यांचा पिच्चर करायला मान्सं आली हुती. रेवतीताई त्यांची डायरेक्टर, इरफानभाई कॅमेऱ्यावर, त्यो मुरूम गावचा, आन बाहुल्यांचे कपडे शिवनारी, झाडं रंगवनारी आनखी चार पोरं-पोरी. आमच्या मातीत लई जुन्या बाहुल्या निघत्यात, म्हनून त्यांना इथलीच माती पायजे हुती. गोष्ट अशी, की एका गावातल्या मान्सांच्या सावल्या रुसून नदीपल्याड जात्यात, तिथला राक्षस त्या पांघरून झोपतो, आन एक म्हातारी त्या पाटीत भरून आनाया नदीत उतरती. म्या माती वाहनारा हमाल. पैल्याच दिवशी रेवतीताईनं माझ्याकडं बघितलं, मंग इरफानभाईकडं बघितलं. झालं, राक्षसाचं नाक माझं, ढेरी माझी, घोरनंबी माझंच. शाळंत मला कोनी टिकू दिलं न्हाय, राक्षसात मातर बिनपरीक्षा घेतलं.

त्या कामाची रीतच येगळी. बाहुलीचा पाय केसाएवढा सरकवायचा, बाजूला व्हायचं, फोटो काढायचा. परत केसाएवढा, परत फोटो. सगळे फोटो भराभर दावले की बाहुली चालती. राक्षसानं एक जांभई द्यायची म्हनलं तरी आमची सकाळची संध्याकाळ व्हायची. शिकली-सवरली मान्सं मातीच्या म्हातारीम्होरं श्वास धरून उभी ऱ्हायलेली बघून मला हसू यायचं. पन मंग वाटायचं, आपलं तरी काय येगळं हाय? आपुनबी केसाएवढं केसाएवढं सरकतच म्हातारं हुतो. कोनी फोटो काढत न्हाय, म्हनून कळत न्हाय, एवढंच.

माझी बायको कौसा तिथं झाडलोटीला यायची. एका दुपारी सगळी जेवायला भाईर गेली, आन म्हातारीचा एक पाय पान्याच्या वर तसाच अधांतरी ठिवला. माघारी येऊन बघत्यात, तर पाय खाली टेकलेला. झालेलं सगळं काम मातीत गेलं. इरफानभाई डोकं धरून खाली बसला.

"मावशी, हिला हात लावला का?"

"लावला की. तुमी सगळी जेवायला गेला आन तिला एका पायावर उभी करून गेला. दमली नसंल व्हय ती?"

म्या म्हनलं, "अगं, बाहुली हाय ती."

"तुमी गप बसा," कौसा म्हनली. "तुमचा राक्षस निजलेलाच हाय, तुमाला काय ठावं उभं ऱ्हायचं."

रेवतीताई डोळं पुसूस्तोवर हसली. मंग म्हनली, "मावशी, तुमीच चालून दाखवा. आजपास्नं म्हातारी तुमच्यावानी चालनार."

गोदामाच्या अंगनात कौसा पदर दातात धरून ह्या टोकाचं त्या टोकाला चालली, आन इरफानभाईनं ते सगळं कॅमेऱ्यात घेतलं. तिचा एक गुडघा दुखायचा, त्याच्यामुळं चालीला एक हेलकावा हुता, त्योच हेलकावा म्हातारीला दिला. पडद्यावर म्हातारीनं पान्यात पैली पावलं टाकली, तवा शेजारच्या बाया म्हनल्या, "अगं बया, ही तर कौसाच." म्याबी मान हालवली.

म्हातारी अर्ध्या नदीत पोचली, आन हिकडं कौसानं अंथरून धरलं. धाराशिवला दवाखान्यात नेली, आन ती तिथंच गेली.

त्याच्यानंतर म्या गोदामात परत माती वाहायला लागलो. लोकान्ला वाटलं, ह्याला काय वाटत न्हाय, ह्यो हसतोच हाय. हसू दे म्हनलं. माझं मातर एकच मागनं ऱ्हायलं हुतं: म्हातारी तेवढी पल्याड जाऊ दे. पिच्चर झाला की कौसा चालताना दिसंल, आन मान्सानं मरून गेल्यावर आनखी किती दिसावं?

मंग मुंबईच्या ज्या मान्सानं ह्या पिच्चरला पैसा लावला हुता, त्याचा निरोप आला. माती बंद करा, कंप्युटरचं मशीन समदं करून देतंय. नमुनाबी धाडला त्यानं. त्याच्यात म्हातारीनं डोळं मिटून उघडूस्तोवर नदी वलांडली, ताठ, सरळ, कुठं हेलकावा न्हाय. गुडघा कसा नव्या दाराच्या बिजागरीसारखा.

"नाना, कशी वाटली?" रेवतीताईनं इचारलं.

"झ्याक हाय ताई. हिला माझ्या घरी धाडा, पानी तरी भरंल."

कोनीच हसलं न्हाय. जलमात पैल्यांदा माझी मस्करी वाया गेली आन मला बरं वाटलं.

म्या इरफानभाईला म्हनलं, अंगनात कौसा चालली तेवढं तरी मला दे. त्यो खाली बघून म्हनला, "नाना, सगळं त्या फोटो साठवायच्या डब्बीत हाय, आन डब्बी मुंबईवाले घिऊन गेले." मान्सं शिव्या देत्यात, रडत्यात, इरफानभाई वायरी गुंडाळत बसला, गुंडाळलेली परत सोडायचा, परत गुंडाळायचा. मंग एकेक करून समदी गेली. बाहुल्या तेवढ्या ऱ्हायल्या, मातीचं मुंबईला काय करायचं?

आज गोदाम रिकामं करायचं हाय. मालकानं पोती आनलीत. माझा राक्षस म्याच उचलून कोपऱ्यात ठिवला, लई जड निघाला. म्हातारी अजून तिथंच हाय, मेनकापडाच्या पान्यात, रिकामी पाटी डोक्यावर. मला वाटलं, कॅमेरा नसू दे, आपुन आपल्या हातानं हिला पल्याड लावावी, कौसाच्या चालीनं, केसाएवढं केसाएवढं. खाली बसलो. हात म्होरं केला.

आन मला कळंना, कोनता पाय.

लगीन करून आनली तवा म्या म्होरं आन ती मागं. बाजाराला, जत्रंला, पाव्हन्याकडं, म्या म्होरं आन ती मागं. आमच्यात तसंच चालत्यात, त्याच्यात कुनाला काय वाटत न्हाय. शेवटच्या दिवशीबी विस्तव घिऊन म्याच म्होरं, आन ती मागनं. तिची चाल मला कानानं ठावी हाय. एक चप्पल जड वाजायची, एक हलकी, आन जड वाजली की म्या जरा दमानं घ्यायचो. पन जड ती डावी का उजवी, ह्ये वळून कोन बघतंय? अंगनात ती चालली तवाबी म्या पोरान्ला हसवत पाठ करून उभा हुतो. पडद्यावर बाया 'कौसाच' म्हनल्या, आन म्या त्यांच्या तोंडाकडं बघून मान हालवली.

इरफानभाईला ठावं हाय. त्यानं हेलकावा केसाकेसानं मोजून बसवलाय. मुरूमला फोन लावला तर त्यो उचलंल, लगीच सांगंल. फोन हातात घिऊन मघापास्नं बसलोय. इचारू काय त्याला? माझी बायको कशी चालायची, ते मला सांग?