सेतुमामांचं आभाळ

सेतुमामा कुणाच्याही घरात शिरले की बसायच्या आधी एक टाळी वाजवायचे. एकच. मग मान वर करून छताकडे बघत राहायचे. पेरुंगुडीतल्या त्या इमारतीत मी राहायला आले तेव्हा माझं सामान अजून खोक्यांत होतं, आणि पांढरी वेष्टी नेसलेला हा उंच, वाळकुडा म्हातारा उघड्या दारातून आत आला, टाळी वाजवली, वर बघितलं आणि म्हणाला, "मोकळें घर आहे, म्हणून ओरडतें. दोन गोधड्या आण, शांत होईल." मी कऱ्हाडची. चेन्नईत पहिल्याच दिवशी कुणी माझ्याशी मराठीत बोलेल असं वाटलं नव्हतं, आणि बोललंच तर ते माझ्या घराच्या आवाजाबद्दल असेल हे तर मुळीच नाही. मी आपली 'या ना, बसा ना' करत राहिले. बसायला खुर्चीच नव्हती.

ते तंजावरचे. पूर्वज कधीकाळी राजांच्या पदरी तिकडे गेले आणि तिथलेच झाले, पण घरात मराठी टिकली. ती ऐकताना मला वाटायचं की शाळेत धडा म्हणून वाचलेली बखर वेष्टी नेसून समोर बसली आहे आणि मधूनमधून 'इरु' म्हणते आहे. इरु म्हणजे थांब. मामांचा लाडका शब्द. मामींनी जेवायला हाक मारली की आतून उत्तर यायचं, "इरु, येतोंच," आणि मामा यायचे तोवर रसम निवलेलं असायचं. मामी ते पुन्हा चुलीवर चढवायच्या. "हा मनुष्य लग्नाच्या मांडवांतही उशिरां आला," त्या मला सांगायच्या. "हातांत माळ घेऊन मी उभी. मज वाटलें, पळाला." मामा शांतपणे म्हणायचे, "नादस्वरवाला कोपऱ्यांत बसवला होता. आवाज भिंतीस आपटत होता. त्यास हलवून आलों." आणि ते खरंच होतं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. मामांनी हॉलमध्ये होम थिएटर बसवलं. समोर तीन स्पीकर, मागे दोन, आणि कोपऱ्यात जमिनीवर गडगडणारा एक मोठा डबा. मला सिनेमा बघायला बोलवायचे आणि सिनेमा काही बघू द्यायचे नाहीत. "आतां ऐक. गाडी डावीकडून मागें गेली. गेली कीं नाहीं?" गेलेली असायची. तरी मामांचं समाधान नव्हतं. "चहूंकडच्या भिंती बोलतात, पोरी. वरतीं कांहीं नाहीं. देवानें आधीं आभाळ केलें, मग भिंती. माझ्या हॉलांत आभाळच नाहीं."

म्हणून त्यांनी आधी असे स्पीकर आणले, ज्यांचं तोंड वर असतं. ते समोरच्या स्पीकरांच्या डोक्यावर ठेवायचे. आवाज छताला आपटून खाली येतो आणि आपल्याला वाटतं की तो वरूनच आला. कल्पना छानच आहे, फक्त ती ज्याला सुचली त्याच्या घरी पंखा नसावा. वर निघालेला आवाज मामांच्या पंख्याच्या पात्यांत सापडायचा आणि तुकडे होऊन खाली यायचा. सिनेमातली देवळाची घंटा खोकल्यासारखी ऐकू यायची. मामांनी पंखा बंद केला. मे महिना होता. आम्ही तिघं घामाने निथळत घंटा ऐकत बसलो. घंटा सुरेख होती, यात वाद नाही. मामी उठल्या, पंखा लावला आणि म्हणाल्या, "पोदुम. पुरें झालें. आभाळांत वारा असतो, एवढें तरी ध्यानांत ठेवा."

मग मामांनी नीट हाइट स्पीकर घेतले, थेट छतालाच लावायचे. दोन पुढे, दोन मागे, असे चार. ते घरी आले आणि आडी महिना लागला. तमिळ लोक आडीत नवं काही सुरू करत नाहीत, आणि मामी त्या बाबतीत पक्क्या तमिळ होत्या. छताला भोक पाडायचं ते आडी सरल्यावर. मामांनी खोकं दिवाणाखाली सरकवलं आणि रोज त्याच्याकडे बघत कॉफी प्यायले.

मामींचा एक नेम होता. भात उतरला की पहिली मूद पितरांची. ती घेऊन गच्चीवर जायचं, काठावर ठेवायची, 'का, का' अशी हाक मारायची, कावळा आला की खाली यायचं आणि मग घराने जेवायचं. मद्रासेत घरोघरी हे चालतं. मला नवल वाटायचं. आमच्याकडे कावळ्याची आठवण दहाव्याला, पिंडाशेजारी, तीही रडवेल्या तोंडाने. इथे तो रोजचा पाहुणा. सासूसासरे, आई, वडील, लहानपणी गेलेला भाऊ, सगळी माणसं मामींकडे अशी रोज जेवायला यायची. आणि आडीच्या पहिल्याच आठवड्यात गच्चीवरून उतरताना मामींचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण हाडं ठिसूळ निघाली. अंथरुणातून उठणं कठीण, जिना तर विसराच, असं डॉक्टर म्हणाले.

मामींनी तेही सोसलं असतं. पण त्यांनी जेवण सोडलं. हट्ट नव्हता तो. कावळा जेवल्याशिवाय घास खाली उतरतच नव्हता. मामा ताट घेऊन गच्चीवर जायचे, परत येऊन सांगायचे, "आला. खाल्लें." मामी भिंतीकडे तोंड करायच्या. "तुम्ही पोंचेपर्यंत कावळे पार अण्णा नगरास गेले असतील," म्हणायच्या. उभ्या जन्मात वेळेवर न पोचलेल्या माणसावर त्यांनी काय म्हणून विश्वास ठेवावा? दूध, चार चमचे पेज, बस. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मामा माझ्याकडे आले. टाळी वाजवली नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

आधी त्यांनी लबाडी करून बघितली. कुठूनसा कावळ्याचा आवाज मिळवला आणि मामींच्या उशाशी छोट्या स्पीकरवर लावला. मामींनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "हा थंड देशाचा आहे. आपला इतका घोगरा नाहीं. ह्यास मीं कधीं जेऊं घातलें नाहीं." मामा एवढेसे झाले. मी दारात उभी राहून हसू दाबत होते आणि डोळेही पुसत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिवाणाखालचं खोकं ओढलं. मला म्हणाले, "ड्रिलवाल्यास बोलाव. हॉलांत नव्हे. तिच्या खोलींत." मी म्हटलं, "मामा, पण त्या सिनेमा कुठे बघतात?" ते पलंगापाशी गेले, वर बोट केलं आणि हळूच म्हणाले, "आपण बसतों, म्हणून आपलें पुढें म्हणजे भिंत. ती पडून असते. तिचें पुढें म्हणजे छत. तिच्यापुढें गेले तीन आठवडे नुसता चुना आहे, पोरी. चुन्याकडे पाहून कोण जेवेल?"

मी संगणकावर पोट भरणारी बाई, दिवसभर यंत्रांशीच झटते. पण असलं काही माझ्या डोक्यात आलं नसतं. मी वर बघितलं. पांढरं, सपाट छत आणि पंखा. तीन आठवडे.

ड्रिल सुरू झाल्याबरोबर मामी पडल्या पडल्या म्हणाल्या, "आडींत भोंक पाडतां?" मामा शिडीवरून म्हणाले, "उपास कराया आडी चालते ना? मग भोंकासही चालेल." मामींनी चादर कानांवर ओढली. लग्नानंतर पहिल्यांदाच मामांची सरशी झाली असावी. चार स्पीकर पलंगाच्या चार कोपऱ्यांवर छताला बसले. ही खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, तिच्या डोक्यावर थेट गच्ची. मामांनी गच्चीच्या चार कोपऱ्यांत चार माइक लावले, त्यांवर नारळाच्या करवंट्या पालथ्या घातल्या, आणि वायरी पाइपातून खाली आणल्या. टाकीकडचा माइक टाकीकडच्या स्पीकरला, जिन्याकडचा जिन्याकडच्या. मधे आवाज कमीजास्त करणारा मिक्सरचा छोटा डबा, बाकी कसली करामत नाही. "वर जें जिथें आहे, तें खालीं तिथेंच," ते म्हणाले. "लबाडी नाहीं."

सकाळी डबा सुरू करायच्या आधी मला म्हणाले, "उभ्यानें ऐकूं नको. पड." मी मामींच्या पलंगाशेजारी चटईवर पडले. मामांनी बटण फिरवलं, आणि छत गेलं. दुसरं काही म्हणता येत नाही मला. वर वारा होता. शेजारच्या माडाच्या झावळ्या कठड्यावर घासत होत्या. पोपटांचा थवा किरकिरत टाकीकडून आला आणि माझ्या कपाळावरून जिन्याकडे निघून गेला, आणि मी मान वळवून त्यांना बघायला लागले. कुणाचा तरी कुकर, खूप उंचावरून विमान. मी त्या गच्चीवर किती वेळा कपडे वाळत घातले होते, पण ती कधी ऐकली नव्हती. पलंगावरून आवाज आला, "टाकी गळते आहे. माणसास सांगा." तीन आठवड्यांत मामींनी घरातल्या कामाचं बोललेलं ते पहिलं वाक्य.

मग डोक्यावर पावलं वाजली. मामा ताट घेऊन वर गेले होते. पावलं काठापर्यंत गेली आणि थांबली. पण कावळे येईनात. मामी बेचैन झाल्या. "ह्यांच्या हाकेस कोण येणार? माझी हाक पाहिजे." मामांनी तेही केलं. मामींच्या उशाशी माइक आणि गच्चीवर छोटा कर्णा. पहिल्याच प्रयत्नाला अशी काही शिट्टी फुटली की मजल्यामजल्यावरची माणसं बाहेर आली. वरचा आवाज खाली, खालचा वर, असा गोल फिरत सुटला होता. मामांनी दारावरच्या घंटेचं बटण आणून मामींच्या हातात दिलं. दाबलं की मामींचा आवाज वर, आणि तेवढ्यापुरतं छत बंद. सोडलं की पुन्हा आभाळ.

मामींनी बटण दाबलं आणि हाक मारली, "का... का..." बटण सोडलं. पंख फडफडले, एक, मग आणखी. नखं कठड्यावर खरखरली आणि आमच्या डोक्यांवरून ताटाकडे चालत गेली. ताटावर चोच वाजली, टक्. मामी छताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पुढचा आहे तो लंगडा. सासूबाईंच्या जागीं बसतो." आणि मग, "भूक लागली." मामा जिन्यावरून धापा टाकत आले तेव्हा मामी डांगर पच्चडीत, म्हणजे उडदाचं पीठ घातलेल्या दह्यात, भात कालवून खात होत्या. मामा दारात तसेच उभे राहिले. खूप उशिराने त्यांना टाळी सुचली. वाजवली, एकच.

पुढे दोन वर्षं ते रोज चाललं. रोज मामींचा आवाज कर्ण्यातून अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा, "भात निवतो आहे, पाऊल उचला," आणि छतातून मामांचं उत्तर यायचं, "इरु, येतोंच." हॉलमधल्या सिनेमाला आभाळ काही मिळालं नाही. मी एकदा म्हटलं, नवे चार घेऊ या का. मामा म्हणाले, "घरास एक आभाळ पुरें." मी त्यांच्याकडे बघत राहिले. अजूनही त्यांची आठवण आली की मी मनातल्या मनात तशीच बघत असते.

गेल्या वर्षी एका दुपारी ते कॉफीचा टंबलर घेऊन हॉलमध्ये बसले आणि गेले. कुणाला हाक मारली नाही. ऑस्ट्रेलियाहून मुलगा आला, राघू. त्याने सगळं यथासांग केलं. पण मामींनी बटण हातात घेतलं नाही. पुन्हा दूध, पुन्हा चार चमचे पेज. छत पुन्हा नुसता चुना झालं. राघू माझ्याकडे येऊन रडला. काय करायचं ते मामांना कळलं असतं.

सगळे विधी आटोपल्यावर एका सकाळी मामींनी मला बोलावलं. "राघूस म्हण, भात घेऊन वर जा. सुरू कर तो डबा." राघू वर गेला. त्याची पावलं ऐकू आली, बापासारखीच लांब. मामींनी बटण दाबलं. खाकरल्या आणि हाक मारली, "का... का..." सोडलं. वारा, झावळ्या. काहीच नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा हाक. काहीच नाही. मला कऱ्हाडचा घाट आठवला, कावळा न शिवलेला पिंड. मामींनी तिसऱ्यांदा हाक मारली नाही. बटण छातीवर ठेवून छताकडे बघत पडून राहिल्या, आणि मी पलंगाचा कठडा धरून उभी.

बऱ्याच वेळाने टाकीच्या कोपऱ्यात पंख वाजले. एकटाच होता. कठड्यावर नखं खरखरली, थांबली, पुन्हा चालू लागली. कसली घाई नाही. टाकीपासून, आमच्या डोक्यांवरून, पार ताटापर्यंत तो सावकाश चालत आला. टक्. मामींच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत होतं, त्यांनी ते पुसलं नाही.

"सदा उशीर," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "रसम ऊन कर, पोरी. जेवतें."